म्हातारपणाची बेगमी

रोहिणी नक्षत्र लागले की आपल्याकडे घरोघर बेगमीची घाई उडते. सरपण आणि गोवऱ्या आडोशाला जातात, कडब्याची गंज झाकली जाते, कौले परतून होतात, कुरडया डब्यात आणि लोणचे बरणीत भरले जाते. पाऊस येणार हे ठाऊक असते, म्हणून त्याच्या आधी हात चालतो. पाऊस एखाद्या साली दगा देतो. आमच्या माण तालुक्यात तर नेहमीच देतो. म्हातारपण मात्र दगा देत नाही. जगला वाचला त्याला ते येतेच. तरी त्याची बेगमी करणारे घर शोधून सापडत नाही. विचारले तर उत्तर एकच, "पोरं हायेत की, बघतील."

पोरे बघतात. बहुतेकांची बघतात. पण पोरांनी बघायचे ते काय आणि आपण स्वतः बघायचे ते काय, याची वाटणी वेळेआधी झालेली बरी, असे माझे मत झाले आहे. तेच आज सांगावे म्हणते. मी चौथी शिकलेली बाई. बोलले मी आहे आणि लिहिले नातीने आहे.

माझा जन्म १९५२ चा. १९७० साली लग्न होऊन या गावात आले आणि दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामावर खडी फोडली, पाट्या वाहिल्या, मिलोच्या तांबड्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामावरच्या आम्हा बायांना आजही वाटते, आपली हाडे दगडाची आहेत, आपल्याला काय होतंय? पण दगडाचीसुद्धा शेवटी माती होते. माझे मालक २०१७ साली गेले, तेव्हा मी ६५ वर्षांची होते. थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे. धाकटा शेती बघतो आणि गावापासून दीड किलोमीटरवर वस्तीवर राहतो. मुलगी फलटणला दिली आहे. मी गावातल्या जुन्या घरात राहते. सोबतीला एक शेळी आणि पाच-सहा कोंबड्या आहेत. संध्याकाळचा डबा नातू आणून देतो, सकाळची भाकरी माझी मी थापते.

हातपाय चालते ठेवा

पहिली बेगमी शरीराची. मालक गेल्यावर जो तो मला म्हणायचा, "आता बस की आई, लई काम केलंस." बोलणे मायेचे, पण त्या मायेने माणूस अंथरुणाला लागतो. वय वाढते तसे अंगातले मांस झडत जाते, आणि हातपाय वापरायचे थांबले की ते आणखी वेगाने झडते. बाजेवर बसवलेला म्हातारा थोड्या दिवसांत त्या बाजेचाच होऊन जातो. म्हणून शेळीचा चारा मी कुणाला आणू देत नाही. सकाळी वस्तीपर्यंत चालत जाते, ऊन चढायच्या आत परत येते.

आमच्या उपकेंद्रातल्या ताईंनी एक साधी गोष्ट दाखवली. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसायचे, हात छातीशी घ्यायचे आणि हाताचा आधार न घेता उठून उभे राहायचे. पुन्हा बसायचे. मला सुरुवातीला चार वेळा जमायचे, आता दहा वेळा जमते. हसण्यासारखे वाटेल, पण न्हाणीतून, परसातून, एसटीच्या पायरीवरून जो स्वतःच्या मांड्यांच्या जोरावर उठतो, त्याला दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही.

दुसरे, ताटात काय आहे ते बघा. दात पडले की म्हातारी माणसे चहात नाही तर दुधात भाकरी कुस्करतात आणि कालवण पोराबाळांना सोडतात. चहा-भाकरीने पोट भरते, अंग भरत नाही. हुलग्याचे माडगे, मऊ शिजवलेली मटकी, घट्ट वरण, ताक, अंडे यांना दात लागत नाहीत. माझ्या कोंबड्यांची अंडी मी विकते, पण रोजचे एक माझ्या ताटात पडते. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार सांगितला आहे त्यांनी मात्र किती खावे ते डॉक्टरांना विचारावे.

तिसरे, पडू नका. साप-विंचवाला आपण भितो, पण म्हाताऱ्या माणसाचा खरा वैरी म्हणजे शेवाळलेले अंगण, न्हाणीतला गुळगुळीत दगड आणि अंधारातला उंबरा. पाळी गेल्यावर बायांची हाडे ठिसूळ होत जातात. एकदा खुब्याचे हाड मोडले की धडधाकट बाईसुद्धा महिनोन् महिने उठत नाही. मी न्हाणीतला दगड पाथरवटाकडून टाचवून खडबडीत करून घेतला, भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवली, आणि परसाच्या वाटेवर रात्रभर जळणारा एक लहान दिवा लावला. एका खताच्या पोत्याच्या खर्चात सगळे झाले. रात्री उठताना आधी बाजेच्या कडेवर बसते, चार श्वास घेते, मग उभी राहते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याला एकदम उठल्यावर गरगरते, म्हणून हे.

डोळ्यांचेही तसेच. मोतीबिंदू "पिकू दे, मग काढू" म्हणत लोक वर्षानुवर्षे चाचपडत हिंडतात. आता पिकायची वाट बघावी लागत नाही. दिसण्याची अडचण होऊ लागली की काढता येतो. माझ्या डाव्या डोळ्याचा २०२१ साली सरकारी दवाखान्यात काढला, पैसा लागला नाही.

गोळ्यांबद्दल दोनच शब्द. रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नसते; ती चालू आहे म्हणूनच बरे वाटत असते. आणि गुडघ्याची कळ मारणाऱ्या गोळ्या दुकानातून पुडीत बांधून आणून रोज खाऊ नका. त्या पोटाला जखम करतात आणि मूत्रपिंड खराब करतात. आमच्या आळीतल्या एका म्हातारबाबांना त्याच पुड्यांनी डायलिसिसपर्यंत नेले.

सड्याचा नेम

शरीराची बेगमी झाली तरी माणसाला माणूस लागतेच. पोरगा दीड किलोमीटरवर असो की चाकणला असो, रात्री दोन वाजता दार ठोठावायला जवळचे कोण, हा प्रश्न उरतोच.

आमच्या आळीत आम्ही चार बाया सत्तरीच्या पुढेमागे आहोत. दोघी विधवा, एकीचे मालक अंथरुणावर, एकीची पोरे मुंबईला. २०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही चौघींनी एक नेम केला. सकाळी सातच्या आत ज्या दारापुढे सडा पडला नाही, त्या दारावर शेजारणीने जाऊन हाक मारायची. बोलावले नाही म्हणून लाजायचे नाही, आणि हाक मारली म्हणून कुणी रागवायचे नाही. गावाला जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगून जायचे. चौघींच्या दारांना आतल्या कडीऐवजी दोन्हीकडून किल्लीने उघडणारी कुलपे बसवली आणि एकेक किल्ली शेजारणीकडे ठेवली. कारण आतून कडी असली की दार फोडण्यातच वेळ जातो.

सुरुवातीला लोक हसले. "म्हाताऱ्यांची हजेरी लागतीया," म्हणायचे. २०२३ च्या जानेवारीतल्या एका सकाळी पलीकडच्या दारापुढे सडा नव्हता. हाक मारली, ओ आली नाही. किल्ली लावून आत गेले तर ती मोरीजवळ पडलेली. तोंड एका बाजूला ओढलेले, डावा हात उचलत नव्हता, बोलणे बोबडे. कुणी म्हणाले पाणी पाजा, कुणी म्हणाले तेल चोळा. उपकेंद्रातल्या ताईंनी आम्हाला आधी बजावले होते: तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यातले एक जरी दिसले तरी तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, कारण तो श्वासनळीत जातो, कुशीवर झोपवायचे आणि १०८ ला फोन करायचा. तसेच केले.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्या शेवटच्या धडधाकट कधी दिसल्या?" आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ होते. पहाटे साडेपाचला नळावर घागर भरताना ती माझ्याशी बोलली होती. डोक्यात रक्ताची गाठ अडकून लकवा झाला असेल तर ती विरघळवायचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. वेळ माहीत नसेल तर डॉक्टरांचे हात बांधले जातात. तिला ते वेळेत मिळाले. आज ती काठी घेऊन चालते, डाव्या हातात जोर कमी आहे, पण बोलते स्पष्ट आणि सडाही स्वतः टाकते. तेव्हापासून हसणाऱ्यांच्या घरच्या म्हाताऱ्याही आमच्या नेमात आल्या. आता आम्ही अकराजणी आहोत.

पुरुष मंडळींना मात्र असे काही जमत नाही. पारावर पत्ते खेळतील, पण "रात्री छातीत कळ आली होती" हे एकमेकांना सांगणार नाहीत. आणि बायको आधी गेली तर त्यांचे हाल कुत्रा खात नाही. म्हणून माझे सांगणे आहे, बाबांनो, कारभारीण आहे तोवर तिच्याकडून आमटी-भात आणि दोन भाकरी करायला शिकून घ्या. त्यात कमीपणा नाही.

सही देईन, हक्क सोडणार नाही

आता जरा अवघड गोष्ट. हिच्यावर घरात बोलले जात नाही, म्हणून मुद्दाम बोलते.

मालक गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर माझे, दोन्ही मुलांचे आणि मुलीचे नाव लागले. दुसऱ्या वर्षी धाकट्याने डाळिंबाची बाग आणि शेततळे करायचे काढले. कर्ज पाहिजे, बँक सगळ्या नावांच्या सह्या मागते. तो म्हणाला, "आई, तू आणि ताई हक्कसोड करून द्या, म्हणजे सारखी सह्यांची भानगड नको." त्याच्या मनात काळेबेरे नव्हते, हे मी शपथेवर सांगते. गावात सगळेच असे करतात. आई आणि बहीण रजिस्टर कचेरीत जाऊन अंगठा देतात आणि चहा पिऊन परत येतात.

पण आमच्या भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांचे मी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी सगळी जमीन मुलाला बक्षीसपत्राने दिली, कागदात एक ओळही अटीची नाही. पहिली दोन वर्षे बरी गेली. मग घरात कुरबूर झाली आणि त्यांची बाज गोठ्याच्या पडवीत आली. मुलगा राक्षस नव्हता. पण ज्याच्या हाती काही उरले नाही, त्याच्या शब्दाला घरात वजन राहत नाही, हे त्यालाही कळले नाही आणि त्यांनाही उशिरा कळले.

मी धाकट्याला म्हणाले, "कर्जासाठी लागेल तितक्या वेळा सही देईन. बोजा चढू दे माझ्या नावावर. पण हक्क सोडणार नाही, आणि ताईलाही सोड म्हणणार नाही." तो पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. सून डबा पाठवायची, पण नातवाच्या हातून निरोप येईना. ते दिवस मला जड गेले. एका पोराशी वाकडे आले की म्हाताऱ्या आईला जेवण जात नाही. तुम्हीही ते जाणता. पण मी शब्द फिरवला नाही. थोरल्याला बोलावून घेतले, मुलीला बोलावले, आणि सगळ्यांसमोर सांगितले: माझा हिस्सा माझ्यामागे तुमचाच आहे, कुणाला किती ते मी लिहून ठेवते, पण मी जिवंत आहे तोवर माझ्या पायाखाली माझी जमीन राहू द्या. धाकटा शेवटी म्हणाला, "सह्यांना हेलपाटं घालावं लागतील तुला." म्हटले, "घालीन. तेवढेच चालणे होईल." मग तोही हसला. कर्ज झाले, बाग झाली, दोनदा तेल्या रोगाने मार दिला, पण उभी आहे.

त्यानंतर दहिवडीला जाऊन मृत्युपत्र केले. त्याला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसलेला बरा. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदवलेले असले की मागे भांडण कमी होते. जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते. हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र एकदा नोंदले की मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. हा फरक प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावा. वडिलोपार्जित जमीन असेल तर मृत्युपत्र फक्त आपल्या वाट्याचेच करता येते.

कुणाला जिवंतपणीच जमीन द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण "मरेपर्यंत अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहायला जागा देईन" ही अट कागदात लिहून घ्यावी. २००७ सालचा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. ६० वर्षांवरच्या माणसाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. मात्र अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईने केलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. तिथे मुलाने सांभाळायचे लिहून दिलेले होते. याच कायद्याने दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे असलेल्या न्यायाधिकरणापुढे करायचा. मूल नसलेल्यांना, ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्याच्याकडे मागता येते. देवाने ही वेळ कुणावर आणू नये. पण वाट आहे हे ठाऊक असावे.

मागायला लाजू नये

आपल्या हक्काचे जे आहे ते घेताना आपली माणसे उगीच संकोचतात. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे दवाखान्यातले उपचार मिळतात. मात्र रक्कम कुटुंबातल्या सगळ्या सत्तरीच्या माणसांत मिळून असते. आजारी पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा कार्ड आधीच काढून ठेवावे. गरीब घरातल्या ६५ वर्षांवरच्या माणसाला श्रावणबाळ योजनेतून पैसे मिळतात. २०२३ साली ते दरमहा १५०० रुपये झाले. त्याला उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसील कचेरीत करतात. एसटीत ६५ नंतर अर्धे तिकीट आणि २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे. बायांना तर २०२३ च्या मार्चपासून कोणत्याही वयात अर्धे तिकीट. घरात छळ होत असेल, कुणाशी बोलायचे कळत नसेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

त्या अर्ध्या तिकिटाचा मी चांगला उपयोग करते. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस मुलीकडे फलटणला जाते. हवापालट होतो हे खरे, पण मुख्य कारण सून. ती शेत बघते, जनावरे बघते, पोरे बघते आणि वर माझा डबा. मी गेले की तिचा तेवढा भार हलका होतो आणि तीही चार दिवस माहेरी जाऊन येते. आपल्याला सांभाळणाऱ्या माणसालाही विसावा लागतो, हे म्हाताऱ्यांनी ओळखले पाहिजे. सांभाळ ही सुनेच्या कपाळावर लिहिलेली गोष्ट नाही. मुलगा आणि मुलगी, दोघांनी त्यातला वाटा उचलावा. थोरला माझ्या औषधांचे पैसे पाठवतो, धाकटा डोळ्यांच्या-रक्ताच्या तपासणीला घेऊन जातो. कुणी काय करायचे ते आम्ही त्याच बैठकीत ठरवले, म्हणून आज कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही.

माझी ७३ वर्षे झाली. गुडघे दुखतात, ऐकू जरा कमी येते, रात्री झोप तुटते. पण न्हाणीतून आपली आपण उठते, दार लावताना भीती वाटत नाही, आणि पोरांपुढे बोलताना घसा दाटत नाही. एवढे बांधून घ्यायला मला सात वर्षे लागली, आणि पैसा फारसा लागला नाही. ज्यांची आता साठी आली आहे त्यांनी यंदाच्या सुगीनंतर, पोरे सणाला घरी आली असताना, सगळ्यांना एकदा बसवावे आणि हे विषय काढावेत. पहिल्या दिवशी वाद होईल. होऊ द्यावा. आणि ज्या आळीत असा सड्याचा किंवा दुसरा काही नेम चालू असेल, तिथल्या भगिनींनी तो या पानावर जरूर कळवावा. आम्हा अकराजणींना वाचायला आवडेल.